दारी येणारे मांजर आणि आपण

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत उंब्रज येथे केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, व्यसनमुक्ती, राज्यघटना, आरोग्य अशा विषयांवर आपण चांगली भाषणे ऐकली. मी बँकेत नोकरी करतो, तेव्हा बचतीवर बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. पण मी मुद्दाम एक लहानसा विषय मागून घेतला. पावसाळा सुरू झाला की आपल्या वस्तीत घरोघरी एक प्रश्न निघतो. कुणाचे आहे ठाऊक नाही, पण एक मांजर रोज दारी येते. पायात घोटाळते, मुलांच्या मांडीवर बसते, हाकलले तरी दुसऱ्या दिवशी हजर. आता याचे करायचे काय? मुले म्हणतात ठेवू या, आजी म्हणते दूध घाला, वडील म्हणतात पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या. विषय मांजराचा असला तरी प्रश्न आपल्या वागण्याचा आहे.

कुणी म्हणेल, समाजापुढे एवढे प्रश्न असताना हे मांजर कुठून आणलेत? या आक्षेपामागे आपला इतिहास आहे, म्हणून मी तो आधी घेतो. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, कुत्री-मांजरे पीत होती, पण आपल्या माणसांना तेथे ओंजळ भरण्याची बंदी होती. ती बंदी मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. पुढे १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात महात्मा गांधींची भेट झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हेच दुःख त्यांच्यापुढे ठेवले. ज्या देशात आम्हांला कुत्र्यामांजरांहून हीन वागवतात, तो आमचा देश कसा म्हणावा, असा त्यांचा सवाल होता.

तो राग कुणावर होता, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. तो कुत्र्यावर नव्हता, मांजरावर नव्हता. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेवर होता. त्या इतिहासातून आपण मांजराचा द्वेष शिकायचा नाही. दारातून हाकलले जाणे म्हणजे काय हे ज्यांच्या आजा-पणजांनी भोगले, त्यांनी दारी आलेल्या जीवाचा निर्णय तरी विचार करून घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मांजराला माणसाच्या बरोबरीला बसवा असे मी म्हणत नाही.

आता हा पाहुणा कोण ते पाहू. गाय, शेळी, कुत्रा यांना माणसाने पाळले. मांजराचे थोडे निराळे आहे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातील रानमांजर वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. म्हणजे न बोलावता येणे आणि हळूहळू घरचे होणे ही या प्राण्याची जुनीच रीत आहे. आपल्या दारात आज जे घडते, ते हजारो वर्षे घडत आले आहे.

असे असूनही आपल्याकडे मांजराला अपशकुनी ठरवले. मांजर आडवे गेले की चार पावले मागे येणारी शिकलेली माणसे मी पाहिली आहेत. काळे असेल तर त्याच्या नशिबी दगडच. ज्या सातारा जिल्ह्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारखा माणूस झाला, तेथे तरी हे थांबायला हवे. मांजर रस्ता ओलांडते ते त्याच्या कामासाठी. आपल्या कामाचे काय होणार हे त्याला ठाऊक नसते.

पहिली गोष्ट, ते मांजर कुणाचे आहे हे शोधावे. येथे एक शास्त्रीय माहिती उपयोगी पडते. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाच्या हाताची सवय झाली, तर ते पुढे माणसाळते. त्या वयात माणूस दिसलाच नाही, तर ते सहसा बुजरेच राहते. म्हणजे जे मांजर आपणहून अंगाशी येते, ते कुणाच्या तरी हाताखाली वाढलेले असण्याचा संभव अधिक. एक तर ते शेजारच्या आळीतले असेल, किंवा कुणीतरी आणून सोडलेले असेल.

शोध घेण्याचा उपाय सोपा आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण घंटा बांधायची नाही, चिठ्ठी बांधायची. वहीच्या कागदाची पट्टी घ्यावी, त्यावर ‘हे मांजर आपले आहे का?’ असे लिहून फोन नंबर घालावा आणि पट्टी गळ्याभोवती सैल चिकटवावी. दोरा किंवा तार मुळीच वापरू नये, कारण कुठे अडकले तर फास बसेल. कागद फाटून सुटतो. मालक असेल तर दोन-तीन दिवसांत निरोप येतो. निरोप आला तर त्याला खायला घालणे थांबवावे. दुसऱ्याच्या मांजराला आपल्या ताटाची सवय लावणे ही माया नव्हे. त्याच वेळी एका कानाचे टोक सरळ कापलेले आहे का तेही पाहावे. तसे असेल तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे, अशी ती खूण असते.

आपल्या भागापुरती एक सूचना येथेच करतो. कराड तालुका उसाचा. ऊसतोडीच्या वेळी फडात मांजराच्या पिल्लांसारखी पिल्ले सापडतात. अंगावर तांबूस ठिपके असले तर ती वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. कधी तर ती पिल्ले बिबट्याचीही असतात. अशी पिल्ले घरी आणू नयेत, हाताळू नयेत. काम थांबवून बाजूला व्हावे आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्यांची आई जवळपासच असते आणि ती त्यांना नेण्यासाठी परत येते.

आता मालक मिळाला नाही असे धरू. मग खाण्याचा प्रश्न येतो. मांजर म्हणजे दूध, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही. त्यांना हगवण लागते आणि आधीच अशक्त असलेले पिल्लू त्यात दगावूही शकते. मांजराला हवे असते साधे पाणी आणि मांसाहार. उकडलेली कोंबडी, उकडलेला काटे काढलेला मासा, उकडलेले अंडे, थोडा भात चालेल. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे. केवळ दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजराला टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य मिळत नाही. त्याने कालांतराने दृष्टी जाते, हृदय कमजोर होते. आपण शाकाहारी असलो तरी मांजराला शाकाहारी करता येत नाही.

तीन विषांपासून जपावे, कारण ती आपल्या घरातच असतात. पहिले, तापाची पॅरासिटामॉलची गोळी. मांजर कण्हते म्हणून पाव गोळी दिली तरी ते मरू शकते. दुसरे, गोठ्यातील गोचीडनाशक. म्हशीला लावायचे औषध पिसवांसाठी मांजराला चोळले तर ते झटके येऊन मरते. तिसरे, उंदराचे औषध. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की त्यालाही विषबाधा होते. दारात मांजर येत असेल तर उंदराचे औषध ठेवू नये. नाही तरी उंदीर धरणारा आयताच आलेला असतो!

आता आपल्या मुलाबाळांचे. रेबीज कुत्र्यामुळे होतो हे सर्वांना माहीत आहे, पण तो मांजराच्या चाव्याने आणि ओरखड्यानेही होऊ शकतो. एकदा लक्षणे दिसू लागली की रेबीजवर हमखास उपाय नाही, रोगी जवळजवळ दगावतोच. म्हणून चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. ही लस तेथे मोफत मिळते. डॉक्टर जेवढे डोस सांगतील तेवढे सर्व पुरे करावेत. रक्त आले असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेत द्यावे लागते, तेही टाळू नये. मुलांना सांगून ठेवा, मांजराने ओरबाडले तर घरी लपवायचे नाही. आणि आई-वडिलांनो, मुलाने सांगितले तर त्याला रागावायचे नाही. माराच्या भीतीने लपवलेला ओरखडा जिवावर बेतू शकतो.

मांजराच्या पोटात जंत असतात, पिल्लांच्या अंगावरून मुलांना नायटा येतो. हात धुण्याची सवय असली की यातले बरेच टळते. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, कारण त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू गर्भाला अपाय करू शकतो. हे काम घरातील दुसऱ्या कुणीतरी करावे आणि रोज करावे, कारण तो जंतू घाणीत एक दिवस उलटल्यावरच बाधक होऊ लागतो. घमेल्यात माती किंवा वाळू घालून कोपऱ्यात ठेवली की मांजर आपोआप तेथे जाते. म्हणून सुनेला दिवस गेले की मांजर हाकला, असे करण्याचे कारण नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा येतो, तो नसबंदीचा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात. गर्भकाळ साधारण दोन महिने. मी हिशेबाचा माणूस, म्हणून एक हिशेब मांडतो. धरून चाला की एक मांजरी वर्षात दोनदा व्याली, प्रत्येक वेळी चार पिल्ले झाली आणि आठांतली चारच जगली. त्यांत दोन माद्या. वर्षाअखेर मांजरे पाच, त्यांत माद्या तीन. याच दराने दुसऱ्या वर्षी मांजरे सतरा, तिसऱ्या वर्षी त्रेपन्न. बँकेत याला चक्रवाढ म्हणतात. प्रत्यक्षात एवढी मांजरे वस्तीत दिसत नाहीत. मग ती जातात कुठे? सकाळी महामार्गावरून जाताना रस्त्यावर जे दिसते, ते पाहिले की उत्तर मिळते. आपण बशीभर अन्न घातले आणि नसबंदी केली नाही, तर पुढच्या पिल्लांच्या मरणाची सोय करून ठेवल्यासारखे होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवल्याचे उघड झाले. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली, महापालिकेला नोटीस द्यावी लागली. प्रेम आहे आणि मर्यादा नाही, म्हणजे काय होते त्याचे हे उदाहरण आहे. तेथे माणसांनाही सुख नाही आणि मांजरांनाही नाही.

मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली. गावपातळीवर अशी सोय नाही, पण आपला जिल्हा अगदीच उघडा नाही. महामार्गाने खंबाटकी घाट उतरले की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८ मध्ये ते सुरू झाले. आपल्या गावच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना आधी विचारावे. शस्त्रक्रिया कुठे होईल, खर्च किती येईल हे ते सांगतील. मांजर तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि ती दरवर्षी द्यावी लागते. एका घराला हा खर्च जड वाटेल, पण ज्या आळीत ते मांजर चार घरी जेवते, त्या चार घरांनी वर्गणी काढली तर तो जड नाही. वर्गणी काढून मोठी कामे उभी करण्याची आपल्या समाजाला सवय आहे, हे काम तर लहान आहे.

आता पोत्याविषयी. पोत्यात घालून दूर सोडणे हा आपल्याकडचा जुना उपाय. मांजर काही वेळा परत येते, बहुधा येत नाही. नव्या जागी त्याला पाणी कुठे, लपायला कुठे, कुत्री कुठे आहेत, काही माहीत नसते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या ११ व्या कलमानुसार जनावर भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा दहा ते पन्नास रुपये. कायद्याने केलेली किंमत एवढीच, म्हणून आपणही एवढीच करावी काय? मात्र विष घालणे, जिवे मारणे, अपंग करणे याला आता मोठी शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग ज्यांना ठेवणे खरोखर शक्य नाही त्यांनी काय करावे? घरात दम्याचा रोगी असेल, जागा एका खोलीची असेल, बदलीची नोकरी असेल. त्यांनी संकोच न करता नाही म्हणावे, पण तोंडाने नाही आणि हाताने बशी, असे करू नये. धान्याचे दुकान असलेला, गोठा असलेला, उंदरांनी त्रासलेला कुणीतरी गावात असतोच. त्याला विचारून, दाखवून, नसबंदी करून मांजर त्याच्या हाती द्यावे. ते जमले नाही तर वस्तीचे मांजर म्हणून चार घरांनी मिळून सांभाळावे. जागा एक, वेळ एक, उरलेले अन्न लगेच उचलायचे, आणि ज्या शेजाऱ्याला ते नको असेल त्याच्या दारी घालायचे नाही.

शेवटी एक दुःखद घटना सांगतो. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी नावाचे गाव आहे. तेथे शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. एका मांजरासाठी पाच माणसे गेली. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, त्याला वर ओढता आले म्हणून तो वाचला. त्या माणसांच्या मनात दयाच होती, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण शेण कुजते तेथे विषारी वायू साठतो, प्राणवायू राहत नाही आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, हे ज्ञान त्या वेळी तेथे हवे होते. विद्यार्थी मित्रांनो, हे पाठ करून ठेवा. गोबरगॅसच्या खड्ड्यात, जुन्या विहिरीत, बंद टाकीत कधीही कुणीही उतरायचे नाही. दोराला टोपली किंवा पोते बांधून खाली सोडायचे, मांजर नखांनी धरून त्यात चढू शकते. आणि ११२ ला फोन करायचा.

आपल्या राज्यघटनेत ५१ क हा अनुच्छेद मूलभूत कर्तव्यांचा आहे. तो मूळ घटनेत नव्हता, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्यातील (छ) उपखंड सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगण्यास सांगतो. लगेच पुढचा (ज) उपखंड वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवण्यास सांगतो. मला या शेजाराचे फार महत्त्व वाटते. नुसता (छ) पाळला तर बशीभर दूध, तीनशे मांजरे आणि वाकडीची विहीर. नुसता (ज) पाळला तर मांजर म्हणजे रोगाचे घर, हाकलून द्या. दोन्ही एकत्र पाळले तर चिठ्ठी, पाणी, लस आणि नसबंदी.

आपल्याला हे नवे नाही. पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. ते हिंसेपासून दूर राहण्याचे आहे. पण सम्राट अशोकाने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाने दयेचा अर्थ औषधोपचार असा लावला. आपणही तोच लावावा.

संस्थेच्या कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. वर्षातून एक दिवस पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून वस्तीतील मांजरा-कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर घ्यावे, आणि विद्यार्थ्यांनी त्यापूर्वी घरोघर फिरून कोणत्या आळीत किती मांजरे आहेत, नसबंदी किती जणांची झाली आहे, याची वही करावी. त्या वहीचा हिशेब ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.